सातारा-सांगली भागातील दुभत्या जनावरांचे पोषण व चयापचयी आरोग्य

दुभत्या जनावराची आहाराची गरज वर्षभर सारखी नसते. व्याल्यापासून आटेपर्यंतचा दुभता काळ आणि त्यानंतर पुढील विण्यापर्यंतचा भाकड काळ मिळून एक दुग्धचक्र पूर्ण होते. या चक्राच्या प्रत्येक टप्प्यात जनावराच्या चयापचयावर (शरीरात सतत घडणाऱ्या भौतिक-रासायनिक घडामोडींवर) वेगवेगळा ताण पडतो. आहार या ताणाशी जुळता नसेल, तर कोणत्याही जंतूचा संसर्ग न होता जनावर आजारी पडते. अशा आजारांस चयापचयी विकार म्हणतात. सातारा व सांगली या जिल्ह्यांत गेल्या सु. शंभर वर्षांत दुभत्या जनावराची जात, त्याच्यासमोर पडणारी वैरण आणि दुधाचा व्यवहार या तिन्ही गोष्टी बदलल्या. मात्र त्या एकाच वेळी व एकाच गतीने बदलल्या नाहीत. या भागातील चयापचयी विकारांचा इतिहास हा बव्हंशी या विसंगतीचा इतिहास आहे.

हे दोन्ही जिल्हे पूर्वी एकच होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यात आले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. वैरणीच्या दृष्टीने या प्रदेशाचे तीन पट्टे पडतात. पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याचा जावळी, पाटण, शिराळा हा भरपूर पावसाचा व डोंगरी गवताचा पट्टा. मधला कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांच्या काळ्या जमिनीचा पट्टा. आणि पूर्वेचा माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतील पट्टा. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर तेथून फार दूर नसलेल्या माण तालुक्यात तो ५०० मिमी.च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. पश्चिमेकडील गवत भरघोस वाढते, परंतु अतिपावसाने निचरा झालेल्या जमिनीत खनिजांची उणीव असते व फुलोऱ्यानंतर त्या गवताची पौष्टिकता झपाट्याने घटते. पूर्वेकडील गवत व कडबा तुटपुंजा, पण कसदार. येथील उत्तम जनावरे पूर्वेच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात निपजली, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

जुनी व्यवस्था : या भागातील मूळचा गोवंश खिलार होय. माणदेशातील म्हसवड खिलार व आटपाडी महाल खिलार हे त्याचे नामांकित प्रकार असून खरसुंडी, म्हसवड व पुसेगाव येथील यात्रांतील बैलबाजार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. थिलारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पशुपालकांनी हा वंश जोपासला. खिलार हे ओढकामाचे जनावर असून गाय वासराचे पोट भरून दिवसाकाठी जेमतेम एक-दोन लि. दूध देते. कृष्णाकाठी कृष्णा खोरे ही आकाराने मोठी, भारी जमिनीत नांगर ओढण्यास योग्य अशी दुसरी जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली, मिरज इ. संस्थानांच्या अधिपतींच्या प्रोत्साहनाने गीर, काँक्रेज, ओंगोल व स्थानिक जनावरे यांच्या संकरातून ती तयार झाली असे मानले जाते. आज ती दुर्मिळ झाली आहे. घरच्या व विक्रीच्या दुधासाठी मात्र पूर्वापार म्हैसच पाळली जाई. लांब तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस त्यासाठी विशेष पसंत केली जात असे.

गोठ्यातील अन्नाची वाटणी कामावर ठरत असे. कडब्याच्या गंजीतील उत्तम पेंढ्या, सरकी व पेंड यांवर पहिला मान बैलाचा. त्यानंतर दुभत्या म्हशीचा. गाय बहुतेक चरून पोट भरी. दुभत्या जनावराला धारेच्या वेळी आंबोण (भिजविलेली सरकी, पेंड, भरडा, चुणी, कोंडा इत्यादींचे मिश्रण) मिळे आणि ते आटले की तेही बंद होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जिल्ह्यांत भुईमुगाची लागवड वाढली व शेंगदाणा पेंड घाण्यावरून सहज उपलब्ध होऊ लागली. या पेंडीत ४० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, तर कडब्यात ती जेमतेम ४ टक्के असतात. कडबा व शेंगदाणा पेंड ही जोडी म्हणूनच रास्त होती. मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी ३५-१ या रबी ज्वारीच्या वाणाचा गोडसर, पानेदार कडबा जनावरे आवडीने खातात. धान्याइतकाच कडब्यासाठीही हा वाण टिकून राहिला. त्याउलट १९६४ मध्ये प्रसृत झालेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीचे धान्य भरपूर आले, पण तिची ताटे बुटकी होती. घरात धान्य वाढले व गव्हाणीत वैरण घटली, ही तक्रार त्या काळी सार्वत्रिक होती आणि ती खरी होती.

विण्याच्या वेळच्या काही रूढीही लक्षणीय आहेत. व्यालेल्या जनावराला शिजविलेली बाजरी, गूळ व मेथ्या देत. वार पडेपर्यंत त्याला एकटे सोडीत नसत आणि पहिल्या दिवशी कास पूर्ण रिकामी करीत नसत. चिकाचा काही भाग वासराला, काही खरवसाला व उरलेला कासेतच, अशी ही रीत होती. दूध रोखून धरल्यास कॅल्शियमाचा व्यय कमी होईल, या विचाराने एके काळी पशुवैद्यही पहिले दोन-तीन दिवस कास अर्धवट पिळण्याचा सल्ला देत. पुढील अनुभवावरून त्याचा उपयोग मर्यादित असल्याचे दिसले. एक-दोन लिटरांच्या गायीला या रूढीची खरी गरज नव्हती, आणि वीस लिटरांच्या गायीला ती पुरेशी नव्हती.

यंत्र, लोहमार्ग व ऊस : गव्हाणीतील पहिला मोठा बदल यंत्रामुळे झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या बेळगाव येथील कारखान्याच्या सुरुवातीच्या उत्पादनांत लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याचे यंत्र होते. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि ही यंत्रे याच भागात तयार होऊ लागली. अख्ख्या पेंढीतील पाने खाऊन जनावर बुडखे टाकून देते. कुटी केल्यास ही नासाडी वाचते. कडब्याच्या टंचाईच्या मुलखात याचे महत्त्व मोठे होते. या यंत्राची दुसरी बाजू बऱ्याच वर्षांनी, विजेवर चालणारी यंत्रे घरोघर आल्यावर दिसून आली. कुटी फार बारीक केली, तर रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते व लाळेतील बायकार्बोनेटामुळे होणारे आम्लाचे नियंत्रण ढिले पडते. साधारणतः दोन-तीन सेंमी. लांबीची कुटी योग्य समजली जाते.

किर्लोस्करवाडीपासून जवळच, त्याच पुणे-मिरज लोहमार्गावरील भिलवडी येथे भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये दुग्धव्यवसाय सुरू केला. कृष्णेचे पाणी, म्हशींचे दूध व लोहमार्गाची सोय या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. दुधाला गावाबाहेरचे निश्चित गिऱ्हाईक मिळाल्यावर दुभत्या जनावराचे गोठ्यातील स्थान बदलले. आतापर्यंत शेतीला पूरक असलेले जनावर रोख पैसा देऊ लागले.

ऊस हा तिसरा व सर्वांत दूरगामी घटक ठरला. कराडजवळ खोडशी येथे बंधारा घालून काढलेला कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातीलच. परंतु उसाचे खरे क्षेत्र वाढले ते विसाव्या शतकात, उपसा सिंचन योजना व सहकारी साखर कारखाने यांमुळे. सांगली येथील शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि रेठरे बुद्रुक येथील कृष्णा सहकारी साखर कारखाना १९५५ ते १९६० च्या सुमारास उभे राहिले आणि त्यानंतर वाळवा, कराड, पलूस या तालुक्यांत ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. कडब्याची जागा वाढ्यांनी (उसाच्या शेंड्याकडील हिरव्या पानांनी) घेतली. गळिताच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, वाढे मुबलक व स्वस्त मिळतात, हिरवे असतात आणि जनावर ते खाते. एवढ्यावरून ती चांगली वैरण आहे असा समज रूढ झाला. वाढ्यांत प्रथिने थोडी असतात, तंतू भरपूर असतात व मुख्य म्हणजे ऑक्झॅलेट असते. ऑक्झॅलेटाचा आतड्यात कॅल्शियमाशी संयोग होऊन न विरघळणारे संयुग बनते आणि तेवढे कॅल्शियम शेणावाटे वाया जाते. सवय झालेल्या जनावराच्या कोटीपोटातील सूक्ष्मजंतू ऑक्झॅलेटाचे बरेचसे विघटन करतात, त्यामुळे वाढे खाऊन जनावर एकाएकी मरत नाही. ते हळूहळू खंगते. हाडे ठिसूळ होणे, माज न दिसणे, वारंवार उलटणे, वार अडकणे ही त्याची दृश्य रूपे होत. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडणे, त्यांबरोबर लसूणघासासारखी द्विदल वैरण देणे व रोज खनिज मिश्रण घालणे हे उपाय सांगितले जातात. पुढे वाढ्यांना पर्याय म्हणून संकरित नेपिअर गवत बांधाबांधावर आले. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत व जयवंत हे वाण त्यांपैकीच. ही गवते उत्तम उत्पन्न देतात. पण कोवळ्या कापणीच्या व नत्रखतावर जोमाने वाढलेल्या नेपिअरातही ऑक्झॅलेट असतेच. बागायत पट्ट्यातील अनेक गोठ्यांत हिरव्या वैरणीची रेलचेल असूनही कॅल्शियमाची उणीव का, या कोड्याचे उत्तर येथे सापडते.

संकरित गायीचे आगमन : उरुळीकांचन (जि. पुणे) येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेली भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन (बायफ) व राज्याचे पशुसंवर्धन खाते यांच्या प्रयत्नांतून होल्स्टीन फ्रीझियन व जर्सी या विदेशी वळूंचे वीर्य कृत्रिम रेतनाद्वारे गावोगाव पोहोचले. राहुरी येथे होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी ही गाय तयार करण्यात आली. वारणानगर (जि. कोल्हापूर) येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये स्थापन झालेला वारणा दूध संघ, वाळवा तालुक्यातील राजारामबापू पाटील सहकारी दूध संघ, कराडचा कोयना दूध संघ आणि शासनाच्या दूध योजना यांनी दोन वेळचे संकलन व दहा दिवसांनी पगार ही घडी बसविली. १९७२ च्या दुष्काळात गुरे विकाव्या लागलेल्या कुटुंबांनी पुढे पुन्हा जनावर घेताना अनेकदा बैलाऐवजी संकरित गाय घेतली.

ही गाय दिवसाला १५–२० लि. दूध देऊ शकत होती. तिच्या पुढ्यात मात्र खिलारीचीच व्यवस्था होती : भाकड काळात कोरडा कडबा वा वाढे, दुभत्या काळात ठराविक दोन पाट्या आंबोण. गायीच्या एक लि. दुधासाठी सु. ४०० ग्रॅ. व म्हशीच्या एक लि. दुधासाठी सु. ५०० ग्रॅ. पशुखाद्य, शिवाय शरीरपोषणासाठी दीड किग्रॅ.पर्यंत, हा ढोबळ हिशेब विस्तार कार्यकर्त्यांनी सांगितला व तो उपयोगी ठरला. परंतु त्यात एक मोठी त्रुटी होती. तो आजच्या दुधावरून आजचे खाद्य ठरवितो. जे जनावर आज दूध देत नाही, त्याच्या वाट्याला या हिशेबाने जवळजवळ काहीच येत नाही आणि चयापचयी विकारांची पूर्वतयारी नेमकी याच काळात होते.

दुग्धचक्रातील ताण : गाय सु. २८० दिवस व म्हैस सु. ३१० दिवस गाभण असते. विण्यापूर्वी सु. ६० दिवस जनावर आटविणे इष्ट असते. या काळात कासेतील ग्रंथींचे नूतनीकरण होते व गर्भाची वाढ सर्वांत वेगाने होते. विण्यापूर्वीचे तीन व नंतरचे तीन आठवडे यांस संक्रमणकाळ म्हणतात. व्याल्यानंतर दूध सहा ते आठ आठवड्यांत कमाल पातळीला पोहोचते, परंतु भूक त्या पातळीला पोहोचण्यास दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात गाय खाते त्याहून अधिक ऊर्जा दुधावाटे देते. ही तूट ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते. व्याल्यावर गाय ‘उतरते’ असे शेतकरी म्हणतात, ते हेच. थोडे उतरणे स्वाभाविक आहे; प्रश्न किती व किती वेगाने हा असतो.

या काळातील पहिला धोका दुग्धज्वराचा. नावात ज्वर असला, तरी या विकारात ताप नसतो. उलट कान व पाय गार पडतात. अधिक दुधाची गाय, विशेषतः तिसऱ्या वा पुढच्या वेताची, व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत लडखडते, बसते, मान कुशीवर टाकते व उपचार न झाल्यास काही तासांत मरू शकते. गायीच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅ. कॅल्शियम असते, तर एक लि. चिकात सु. २·३ ग्रॅ. असते. दोन लि. चीक देणारी खिलार गाय साडेचार ग्रॅमांची तूट हाडांतून व आतड्यातून सहज भरून काढते. दहा लि. चीक देणाऱ्या संकरित गायीला एका दिवसात २३ ग्रॅ. लागतात. १०० मिलि. रक्तद्रवात एरवी ८·५ ते १० मिग्रॅ. असणारे कॅल्शियम साडेपाच मिग्रॅ.खाली गेले, की स्नायू काम करीनासे होतात.

यूरोपात अधिक दुधाच्या गायींची निवड होऊ लागल्यावर एकोणिसाव्या शतकात हा विकार ठळकपणे पुढे आला. त्या वेळी त्याने आजारी पडलेल्या निम्म्याहून अधिक गायी दगावत. डेन्मार्कमधील श्मिट यांनी कासेत विष तयार होते अशा समजुतीने १८९७ मध्ये सडांतून पोटॅशियम आयोडाइडाचा विद्राव सोडला आणि गायी उठल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत नुसती हवा भरूनही तोच गुण येतो असे अँडरसन यांनी दाखविले. कारण चुकीचे व उपाय बरोबर असा हा प्रकार होता. हवेच्या दाबाने दूध उतरणे थांबे व कॅल्शियमाची गळती बंद होई. १९२५ मध्ये एडिंबरो येथील ड्रायरी व ग्रेग यांनी या विकाराचा संबंध रक्तातील कॅल्शियम घटण्याशी जोडला आणि पुढे कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून देण्याचा उपचार रूढ झाला. सातारा-सांगलीच्या गावांत आज ४५० मिलि.ची ‘कॅल्शियमची बाटली’ सर्वांच्या परिचयाची आहे. बाटली लावताच बसलेली गाय उठते, हे दृश्य पाहणाऱ्यास चमत्कारासारखे वाटते. त्यामुळेच की काय, अशिक्षित हातांनी ती भराभर लावण्याचे प्रकारही घडतात. वेगाने दिलेले कॅल्शियम हृदय बंद पाडू शकते. ते हळूहळू व हृदयाचे ठोके तपासतच द्यावे लागते.

प्रतिबंधाच्या बाबतीत सामान्य तर्क दिशाभूल करतो. विण्यापूर्वी भरपूर कॅल्शियम दिले तर साठा होईल, हा समज चुकीचा आहे. भाकड काळात कॅल्शियम विनासायास मिळाल्यास परावटू ग्रंथी सुस्तावतात आणि विण्याच्या दिवशी हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा वेळेवर जागी होत नाही. १९६० नंतर नॉर्वेतील संशोधकांनी यात आणखी भर घातली : आहारात पोटॅशियम व सोडियम यांचे प्रमाण क्लोराइड व सल्फेट यांच्या मानाने फार असले, तर दुग्धज्वराचा संभव वाढतो. लसूणघासात कॅल्शियम व पोटॅशियम दोन्ही भरपूर असतात. म्हणून वाढे खाणाऱ्या दुभत्या गायीला हितकारक असलेला घास विण्यास टेकलेल्या गायीला भरमसाट देणे धोक्याचे ठरते. कोरड्या कडब्यावर भाकड जनावर ठेवण्याची जुनी रीत या एका बाबतीत निर्दोष होती. ऊर्जा व प्रथिने यांच्या बाबतीत मात्र ती उपासमारच होती. कडबा तसाच ठेवून विण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत पशुखाद्य क्रमाक्रमाने दोन-अडीच किग्रॅ.पर्यंत वाढविणे व या दिवसांत घास मर्यादित ठेवणे, ही आजची शिफारस जुन्या रीतीतील ग्राह्य भाग राखूनच केलेली आहे.

दुसरा विकार कीटोनमयता. ऊर्जेची तूट फार झाली, की अंगावरची चरबी वेगाने यकृताकडे येते. तिचे पूर्ण ज्वलन न होता कीटोन द्रव्ये साठतात. गाय प्रथम पशुखाद्य नाकारते, कडबा मात्र चघळते. दूध एकदम उतरते, श्वासाला व दुधाला गोडसर उग्र वास येतो. फार लठ्ठ होऊन व्यालेल्या गायीत हा धोका अधिक असतो, तसाच व्याल्यावर पोटभर न खाणाऱ्या गायीतही. गूळ ही सांगली व कराड भागाची प्रसिद्ध पेठवस्तू. साहजिकच अशा गायीला गुळाचे पाणी पाजण्याची पद्धत येथे पडली. जनावर चवीने ते पिते, परंतु पाजलेल्या साखरेचा बहुतांश भाग कोटीपोटात आंबून त्याची वसाम्ले बनतात. रक्तातील ग्लुकोज अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. म्हणून ग्लुकोज शिरेतून द्यावे लागते किंवा यकृतात ग्लुकोज बनविणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजावे लागते. ठळक लक्षणे न दिसता केवळ दूध व माज यांवर परिणाम करणारी अर्धप्रकट कीटोनमयता याहून अधिक आढळते व तिचे नुकसान कोणाच्या हिशेबात येत नाही.

तिसरा, आम्लता हा विकार अतिरेकाचा आहे. दूध वाढावे म्हणून एकदम वाढविलेला मक्याचा वा गव्हाचा भरडा, किंवा लग्नसराईतील उरलेला भात व पोळ्या यांमुळे कोटीपोटात लॅक्टिक अम्ल साठते. पोट गच्च होते, जनावर जुगाळत नाही, तीव्र प्रकारात ते दगावते. सौम्य प्रकारात शेण पातळ होते व खुरे दुखतात. शिवाय दुधातील स्निग्धांश घटतो. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३·५ टक्के स्निग्धांश व ८·५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ या पायावर ठरविण्याची पद्धत रूढ आहे. तंतुमय वैरण कमी झाली की पहिला आकडा घसरतो, ऊर्जा व प्रथिने कमी पडली की दुसरा. संकलन केंद्रावर मिळणारी चिठ्ठी अशा रीतीने गोठ्यातील आहाराचा रोजचा दाखला असते. दुर्दैवाने तिचे वाचन बहुधा भाव कापल्याची तक्रार म्हणूनच होते. ती तक्रारही अनाठायी नसते. उन्हाळ्यात वैरण महागलेली असतानाच घनपदार्थ घटतात व त्याच वेळी दर कापला जातो.

म्हशीत दुग्धज्वर व कीटोनमयता तुलनेने कमी आढळतात; परंतु व्याल्यानंतर काही आठवड्यांत लघवी तांबडी ते कॉफीसारखी होणे हा विकार तिच्यात विशेष दिसतो. रक्तातील फॉस्फरस घटल्याने तांबड्या कोशिका फुटतात व त्यांतील रंगद्रव्य लघवीवाटे जाते. फॉस्फरसन्यून जमिनीवरील वैरण व पेंड-कोंड्याची काटकसर यांमुळे तो उद्भवतो. सोडियम अम्ल फॉस्फेट शिरेतून वेळेवर दिल्यास म्हैस वाचते. दृष्ट वा करणी समजून दोन दिवस घालविल्यास बहुधा वाचत नाही. धार काढणाऱ्या, वैरणकाडी करणाऱ्या घरातील स्त्रीच्या ध्यानात ही सर्व लक्षणे प्रथम येतात. दूध संघांचे सभासदत्व, मेळावे व प्रशिक्षणे मात्र दीर्घकाळ पुरुषांच्या नावे राहिली. आहारविषयक सल्ला गोठ्यापर्यंत उशिरा पोहोचण्याचे हे एक साधे कारण होय.

अवर्षण व पूर : पूर्वेच्या पट्ट्यात या सर्वांवर दुष्काळाची छाया असते. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये गुरांची अपरिमित हानी झाली. १९७२ मध्येही तेच घडले. २०१२-१३ व २०१८-१९ या वर्षांत माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत शासकीय मदतीवर चारा छावण्या चालविण्यात आल्या. म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने चालविलेली छावणी सर्वत्र ज्ञात झाली. २०१९ च्या छावण्यांत मोठ्या जनावरास दररोज १५ किग्रॅ. व लहानास त्याच्या निम्मा हिरवा चारा असे प्रमाण होते. छावणीतील चारा म्हणजे मुख्यतः पश्चिमेकडून मालमोटारींनी येणारा ऊस व वाढे. १५ किग्रॅ. उसात पाणीच सु. दोन-तृतीयांश असते, उरलेल्या पाच किग्रॅ. शुष्क भागात साखर व तंतू अधिक, प्रथिने अगदी कमी. यावर भाकड खिलार गाय तग धरते. दहा-बारा लिटरांची संकरित गाय मात्र जगते पण उतरते, आणि पाऊस पडून छावणी उठल्यावर ती माजावर येण्यास अनेक महिने लागतात. दुष्काळाची झळ दुधाच्या हिशेबात पुढील वर्षीही दिसते ती यामुळे. नदीकाठी याच्या उलट आपत्ती येते : २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांत कृष्णा-वारणाकाठचे मळे व गंजी पाण्याखाली गेल्या व जनावरांना दिवसच्या दिवस कुजट वैरणीवर काढावे लागले.

अलीकडील बदल : टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे पोहोचल्याने तेथेही मका व ऊस दिसू लागला आहे. आफ्रिकन टॉल मक्याचा मुरघास खड्ड्यांत, पिशव्यांत व गठ्ठ्यांत भरून ठेवण्याची पद्धत २०१२-१३ च्या दुष्काळानंतर वेगाने पसरली. चिकाच्या अवस्थेत कापलेल्या मक्याचा मुरघास वर्षभर सारख्या प्रतीची ऊर्जा देतो, हे त्याचे वैशिष्ट्य. मात्र प्रथिने त्यात बेताचीच असल्याने पेंडीची जोड सोडता येत नाही. फलटण येथील गोविंद मिल्क या संस्थेने मुक्तसंचार गोठ्याचा प्रसार केला. दावणीचा दोर सुटल्यावर गाय हवे तेव्हा पाणी पिते, खाते व सावलीत रवंथ करते, त्यामुळे तिचे एकूण खाणे वाढते. व्याल्यानंतरच्या तुटीच्या आठवड्यांत त्याचा लाभ विशेष होतो. शिरवळ (जि. सातारा) येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयामुळे या भागास जवळच निदान व शिक्षणाची सोय झाली.

राष्ट्रीय दुग्ध योजनेत (२०११-१२ ते २०१८-१९) आहार संतुलनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. गावातील प्रशिक्षित व्यक्ती जनावराचे वजन, दूध, स्निग्धांश, गाभणावस्था व घरी उपलब्ध असलेली वैरण यांची नोंद करून संगणकाच्या साहाय्याने त्या जनावरापुरता स्वस्तात स्वस्त संतुलित आहार सांगते. त्याच काळात वैरण व माती यांच्या परीक्षणावर आधारलेली प्रदेशनिहाय खनिज मिश्रणे तयार झाली. ऑक्झॅलेटयुक्त वाढे व नेपिअर यांवर जगणाऱ्या कृष्णाकाठच्या गोठ्याची गरज आणि कडबा व चराई यांवर भिस्त असलेल्या माणदेशातील गोठ्याची गरज वेगळी आहे, हे त्यामागील सूत्र होय. बाजारात या मिश्रणांची किंमत एका जनावरामागे दिवसाला काही रुपयेच पडते; तरी अनेक गोठ्यांत ती केवळ दूध चालू असेपर्यंत दिली जातात आणि गाय आटली की, जुन्या आंबोणाप्रमाणेच, बंद होतात.